सोलरचा दिवा बंद पडला? एलईडीवर संशय घेण्याआधी हे तपासा

अंगणातला, गोठ्यावरचा किंवा विहिरीजवळच्या मोटरखोलीवरचा सोलरचा दिवा लागेनासा झाला, की बहुतेकांचा पहिला संशय एलईडीवर जातो आणि अख्खा दिवा बदलला जातो. खरं तर एलईडी सगळ्यांत शेवटी जातो. आधी मान टाकतो तो सेल, त्याच्या मागोमाग स्विच आणि तारांचे जोड, मग पाणी शिरलेलं सर्किट. पॅनल क्वचितच जातं. बहुतेक वेळा ते नुसतं मळलेलं किंवा सावलीत असतं. म्हणून तपासायचा क्रम असा ठेवा: ऊन, स्विच, सेल, तारा, सर्किट आणि शेवटी एलईडी. शेतीची लाइट रात्रपाळीला असते तेव्हा मोटर चालू करायला माणूस अंधारात बांधावरून जातो. कराड, पाटण, शिराळा या बिबट्याच्या पट्ट्यात तर तिथला एक दिवा चालू असणं ही चैन नाही, गरज आहे.

आधी दिव्याची जात ओळखा

बाजारात मिळणारे दिवे ढोबळमानाने चार प्रकारचे असतात. प्रत्येकाचा सेल वेगळा, म्हणून मीटरवर बघायचा आकडाही वेगळा.

मातीत खोचायचा बागेतला छोटा दिवा: यात पेन्सिल सेलच्या आकाराचा १.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड सेल आणि साधारण २ व्होल्टचं पॅनल असतं.

भिंतीवरचा, माणूस आला की लागणारा सेन्सरचा दिवा: यात ३.७ व्होल्टचा लिथियम आयन सेल असतो, मोबाइलच्या पॉवर बँकेत असतो तसला जाड गोल, १८६५० मापाचा. पॅनल ५.५ ते ६ व्होल्टचं.

खांबावरचा एकत्र दिवा, म्हणजे पॅनल, बॅटरी आणि एलईडी एकाच डब्यात: यात बहुतेक करून लिथियम फॉस्फेटची बॅटरी असते. ती ३.२ व्होल्टची असते किंवा चार सेल ओळीने जोडून १२.८ व्होल्टची केलेली असते.

जुन्या पद्धतीचा रस्त्यावरचा दिवा: वर पॅनल, खांबाला लोखंडी पेटी आणि पेटीत १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी.

सेलवर छापलेलं वाचल्याशिवाय नवा सेल आणू नका. ३.२ आणि ३.७ व्होल्टचे सेल दिसायला सारखे असतात, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. लिथियम आयनच्या सर्किटात फॉस्फेटचा सेल घातला, तर सर्किट त्याला ४.२ व्होल्टपर्यंत रेटतं. त्याची हद्द ३.६५ व्होल्टची. उलट केलं तर सेल कधीच पुरता भरत नाही. लोक म्हणतात नवा सेल टाकला तरी तासाभरात दिवा जातो, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

सामान फार लागत नाही: एक डिजिटल मल्टिमीटर, बारीक स्टार स्क्रू ड्रायव्हर, २५ वॅटची सोल्डरिंग गन, फ्लक्सवाली सोल्डर तार, बारीक पॉलिश पेपर, हीट श्रिंक स्लीव्ह, जुना टूथब्रश आणि सिलिकॉनची ट्यूब. सिलिकॉन घेताना थोडं बोटावर काढून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते नको. त्यातल्या आम्लामुळे तांब्याची तार आणि सर्किटवरचे डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, हिरवे पडतात. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागा.

डबा उघडण्याआधी

पॅनलवर जाड काळं कापड घडी करून टाका. नुसता हात ठेवून भागत नाही, बोटांच्या फटीतून उजेड जातो. छोटा दिवा दहा-पंधरा सेकंदांत लागायला हवा. खांबावरच्या मोठ्या दिव्याचा कंट्रोलर, म्हणजे चार्जिंग आणि दिवा सांभाळणारं सर्किट, मुद्दाम थोडा थांबतो, त्याला पाच मिनिटं द्या. कापड टाकल्यावर दिवा लागला पण रात्री लागत नसेल, तर दिव्यात काहीही बिघाड नाही. रात्री पॅनलवर दुसरा कुठला तरी उजेड पडतोय. बहुतेक दिव्यांत पॅनल हेच अंधार ओळखण्याचं यंत्र असतं. ओट्यावरचा बल्ब किंवा महावितरणच्या खांबावरचा दिवा त्याच्यावर पडला की त्याच्या लेखी अजून दिवसच असतो. जागा बदला किंवा पॅनलचं तोंड फिरवा.

त्यानंतर स्विच. बऱ्याच छोट्या दिव्यांत स्विच बंद असला की चार्जिंगही बंद होतं. म्हणजे ‘आठ दिवस बंद ठेवून चार्ज केला’ या म्हणण्याला तिथे काही अर्थ नसतो. पावसाळ्यानंतर सरकत्या स्विचच्या पत्रीवर काळपट थर चढतो. दहा-पंधरा वेळा पुढे-मागे सरकवला की पुष्कळदा दिवा लगेच लागतो. तो लागला तरी स्विचवर विसंबू नका, डबा उघडाल तेव्हा साफ करा किंवा बदला. दिवा नवा असेल तर सेलजवळची प्लास्टिकची पट्टी ओढून काढली आहे का आणि पॅनलवरची पारदर्शक फिल्म सोलली आहे का, हेही बघा. रिमोटवाल्या दिव्यात चुकून दुसरा मोड लागलेला असू शकतो.

ऊन: मे महिन्यात बसवलेला दिवा डिसेंबरात का रुसतो

सांगली-साताऱ्याकडे सगळ्यांत जास्त चुकतं ते इथे. सांगली साधारण १६.९ आणि सातारा १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्यात सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, तेव्हा दुपारी कशाचीच सावली लांब पडत नाही आणि कुठलीही जागा उन्हाची वाटते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४९ ते ५० अंशांवर. त्या वेळी ५ मीटर उंच झाडाची सावली उत्तरेकडे ४ मीटरहून लांब जाते, सकाळ-संध्याकाळी तर कितीतरी जास्त. त्यात रात्र तेरा तासांची. मिळकत कमी आणि खर्च जास्त, मग पहाटे दोनला दिवा जाणारच.

म्हणून जागा ठरवताना दक्षिणेकडे काय आहे ते पाहा. शेजारी ऊस असेल तर तो आज किती आहे यावर जाऊ नका. आडसाली ऊस तुटेपर्यंत दहा-बारा फुटांवर जातो आणि सात फुटी पाइपवरचा दिवा त्यात बुडतो. पॅनल वेगळं असेल तर तोंड दक्षिणेला ठेवा आणि कल १७ अंशांच्या आसपास द्या. कोनमापक नको: १ मीटर लांबीच्या पॅनलची वरची कड खालच्या कडेपेक्षा ३० सेंटिमीटर उंच केली की झालं. एवढ्या उतारावर पावसाचं पाणीही धूळ घेऊन खाली जातं.

सावली थोडीशीच आहे म्हणून सोडू नका. पॅनलमधले तुकडे एकामागे एक जोडलेले असतात. एका तुकड्यावर पान चिकटलं किंवा पक्ष्याची विष्ठा पडली, तरी त्या ओळीतला सगळा प्रवाह आखडतो.

मळ कसला आहे ते भागावर ठरतं. जत, आटपाडी, माण, खटाव इथे धूळ. कारखान्यांच्या पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की बॉयलरच्या धुराड्यातून येणारी काजळी. तासगाव, पलूसच्या द्राक्षबागांत फवारणीचा निळसर-पांढरा थर. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे कडेला शेवाळ. धूळ आणि काजळी असेल तर पंधरा दिवसांनी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे डाग उरतात, म्हणून शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्या. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी तर अजिबात वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. जुना पांढरा थर आणि फवारणीचे डाग यांना एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी लावा, पाच मिनिटांनी पुसा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. राख, घासणी, वाळू काहीही नको.

छोट्या दिव्यांच्या पॅनलवर काच नसते, प्लास्टिकचा थर असतो, आणि तो दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळट, धुरकट होतो. १००० नंबरच्या आणि मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावत हलक्या हाताने घासा, पुसून वाळवा आणि वरून पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्या.

सेल: इथेच बहुतेक वेळा चोर सापडतो

दिवा दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी लागायच्या आत सेल बाहेर काढून मोजा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा.

निकेलचा सेल १.३ ते १.४ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेला आहे. दिवसभराच्या उन्हानंतरही १.१ च्या खाली असेल, तर सेल गेला आहे किंवा त्याच्यापर्यंत चार्जिंग पोचत नाही. यातलं नक्की काय, हे कळायला एक सोपी युक्ती: रिमोट किंवा घड्याळाचा साधा नवा पेन्सिल सेल घाला, पॅनल झाका. दिवा झगझगीत लागला तर सर्किट आणि एलईडी ठणठणीत आहेत. एवढं कळलं की साधा सेल लगेच काढा. तो रिचार्जचा नसतो, आत राहून उन्हात चार्ज होऊ लागला तर गळतो, फुटूही शकतो.

नवा निकेल सेल घेताना मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. बागेतल्या दिव्याचं पॅनल कडक उन्हात ६० ते ८० मिलिॲम्पिअर देतं. पाच तासांचे झाले ३०० ते ४०० मिलिॲम्पिअर-तास. तिथे ६०० चा सेल पुरतो. २५०० चा महाग सेल घातला तरी रोजची भर तेवढीच, उजेड एक मिनिटही वाढत नाही.

लिथियम आयन भरलेला असताना ४.१ ते ४.२ व्होल्ट, रिकामा ३.० च्या आसपास. लिथियम फॉस्फेट भरून थोडा वेळ ठेवला की ३.३ ते ३.४ वर येतो, २.८ च्या खाली गेला तर जवळजवळ रिकामा. मीटर शून्य दाखवत असेल तर सेलवरच्या छोट्या संरक्षक पट्टीने पुरवठा तोडलेला असू शकतो. चार्जरला लावल्यावर तो जागा होतो. पण २.५ व्होल्टच्या खाली महिनोन् महिने पडून राहिलेला लिथियम आयन सेल जिवंत करायला जाऊ नका. फुगलेला, गळलेला किंवा गोडसर वास येणारा सेल कुठल्याही परिस्थितीत चार्ज करायचा नाही.

व्होल्ट बरोबर पण दिवा तासा-दोन तासांत जातो, म्हणजे सेलची साठवण संपली. १८६५० मापाच्या सेलवर ९९०० किंवा ६८०० लिहिलेलं दिसलं तर तो दुकानातच ठेवा. चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० मिलिॲम्पिअर-तासांपर्यंत असते. हातात घेऊन वजन करा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. खोटा लक्षात येण्याइतका हलका लागतो. दोन सेल शेजारी-शेजारी जोडलेले असतील तर दोन्ही एकदम आणि सारखेच बदला. नवा भरलेला आणि जुना रिकामा एकत्र जोडला की नव्यातून जुन्यात जोरात प्रवाह जातो आणि दोन्ही तापतात. लिथियम सेलवर थेट सोल्डर करू नका, पत्री लावलेला सेल मागा आणि डाग पत्रीवर द्या.

जत, आटपाडीच्या उन्हाळ्यात बंद डब्यातला सेल फार तापतो. अनेक संरक्षक पट्ट्या ४५ अंशांच्या पुढे चार्जिंग थांबवतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये कडक ऊन असूनही दिवा लवकर जातो. बॅटरीची पेटी पत्र्याला चिकटवून ठेवू नका, मागे दोन बोटं हवा खेळू द्या.

सेल चांगला, पण भरत नाही

आता पॅनल मोजा. भर दुपारी, पॅनलची एक तार सोडवून. २ व्होल्टच्या पॅनलवर २ च्या वर, ६ व्होल्टच्या पॅनलवर ६ ते ७ आणि १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच्या पॅनलवर २० ते २२ व्होल्ट यायला हवेत. नुसत्या व्होल्टवर थांबू नका. धुरकट पॅनलही व्होल्ट पूर्ण दाखवतं, प्रवाह देत नाही. मीटरची लाल तार १० ॲम्पिअरच्या भोकात घालून पॅनलच्या दोन टोकांना थेट लावा. ४० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हात सव्वादोन ॲम्पिअरच्या आसपास दाखवतं. हे फक्त पॅनलला करायचं. त्याच जोडणीत मीटर बॅटरीला लावला तर शॉर्ट होऊन मीटर आणि हात दोन्ही भाजतात.

मोठ्या पॅनलवर २१ ऐवजी बरोबर निम्मे, १०-११ व्होल्ट येत असतील, तर पॅनल फेकू नका. मागच्या काळ्या डबीत दोन बायपास डायोड असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की अर्धं पॅनल वगळलं जातं. विजेच्या कडकडाटानंतर हा बिघाड आढळतो. डायोड सोडवून मीटरच्या डायोड खुणेवर तपासा: एका बाजूने आकडा आणि उलट बाजूने काहीच नाही, तर तो चांगला. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ, तर बदला.

पॅनल चांगलं असेल तर तार. बाहेरून काळी तार धडधाकट दिसते आणि आत तांबं काळं पडलेलं असतं. पाणी तारेच्या टोकातून आत चढतं. काळ्या तांब्यावर सोल्डर बसत नाही. लाल चकचकीत तांबं दिसेपर्यंत तार मागे सोलत जा, तिथे डाग द्या, स्लीव्ह चढवा. नुसती पिळून टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्याचा सोबती. तार डब्यात शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून जातं.

पाणी शिरलेल्या डब्याचं झाकण उघडून सावलीत वाळवा. सर्किटवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड दिसेल. मेडिकलमधलं स्पिरिट आणि टूथब्रश घेऊन ती घासा, सेलच्या स्प्रिंगा पॉलिश पेपरने चमकवा. मग सिलिकॉनचा धागा वरच्या आणि बाजूच्या फटीत भरा. डब्याच्या तळाला बारीक भोक असेल तर ते बुजवू नका. आतल्या दमट हवेचं पाणी होतं, ते बाहेर पडायला ती वाट ठेवलेली असते.

लक्षण वेगळं, कारण वेगळं

भर दिवसाही दिवा चालू राहतो: पॅनलची तार तुटली आहे. पॅनलकडून काहीच येत नाही, म्हणून सर्किट त्याला रात्र समजतं. काही दिव्यांत उजेड ओळखणारा वेगळा गोल सेन्सर असतो, तो ओलीने खराब झाला तरी हेच होतं.

दिवा लुकलुकतो: सेल उतरलाय किंवा स्प्रिंग सैल आहे. दोन्ही ठीक असतील तर दिव्याचाच उजेड पांढऱ्या भिंतीवरून परतून पॅनलवर पडतोय का पाहा. दिवा लागतो, पॅनलला उजेड दिसतो, दिवा विझतो, पुन्हा लागतो.

बागेतला दिवा नवा सेल घालूनही लागत नाही: सर्किटवर चार पायांचा बारीक आयसी आणि रेझिस्टरसारखी दिसणारी कॉइल असते. कॉइलचा पाय डागापाशी तुटलेला असण्याची शक्यता जास्त. मीटरवर तिचा रोध काही ओहम यायला हवा. आयसी बहुधा वायएक्स ८०१८ किंवा त्याच्या जोडीचा असतो, नंबर वाचून तोच आणा.

एलईडी तपासायला दोन पेन्सिल सेल ओळीने आणि मध्ये ४७ ओहमचा रेझिस्टर. पांढरा एलईडी मंद का होईना लागलाच पाहिजे.

माणूस येऊनही सेन्सर जागा होत नाही: हा सेन्सर शरीर आणि मागची भिंत यांच्या उष्णतेतला फरक बघतो. मे महिन्याच्या संध्याकाळी भिंतच अंगाइतकी तापलेली असते, मग त्याचा पल्ला आपोआप कमी होतो. तो बिघाड नाही. दिवा अडीच ते तीन मीटर उंचीवर, येणारा माणूस समोरून न येता आडवा जाईल अशा बाजूला लावा. उलट, सारखा लागत असेल तर समोर हलणारी केळीची पानं, पांढऱ्या भिंगावरचं कोळ्याचं जाळं किंवा उजेडाच्या किड्यांसाठी बसलेली पाल शोधा.

पेटीतली मोठी बॅटरी

हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. लेड ॲसिड बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो तिथेच चिकटून लाल होतो.

तारा सोडवून तासभर ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.७ दाखवते तेव्हा भरलेली, १२.२ ला निम्मी, ११.८ ला रिकामी. भर दुपारी पॅनल जोडलेलं असताना तोच आकडा १३.५ ते १४.४ कडे चढला पाहिजे. चढत नसेल तर पॅनल, तार, कंट्रोलर या क्रमाने बघा. टोकांवरची पांढरी-हिरवी पूड ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून धुवा, झाकणाच्या भोकांत थेंबही जाऊ देऊ नका, मग व्हॅसलीन लावा. पाणी फक्त डिस्टिल्ड, आतल्या शिशाच्या पट्ट्या बुडून वर बोटभर राहील एवढंच. ॲसिड ओतून बॅटरी सुधारत नाही, पट्ट्या मात्र लवकर झिजतात.

कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवा. सोडवताना उलटा क्रम. आधी पॅनल जोडलं तर त्याचे २० व्होल्ट थेट कंट्रोलरवर येतात आणि स्वस्तातले कंट्रोलर तिथेच जळतात. लेड ॲसिड काढून लिथियम फॉस्फेट बसवायची असेल तर कंट्रोलरवर ती सोय आहे का ते आधी विचारा.

पॅनल आणि बॅटरी पुरेशी आहे का याचा हिशोब सोपा आहे. १२ वॅटचा दिवा १० तास म्हणजे १२० वॅट-तास. ४० वॅटचं पॅनल पाच तासांच्या चांगल्या उन्हात, नुकसान धरून, १४० च्या आसपास देतं. उन्हाळ्यात हे जमतं. जुलै-ऑगस्टच्या झडीत जमत नाही, तेव्हा मध्यरात्रीनंतर मंद होणारा मोड लावा.

पुरात बुडालेला दिवा

कृष्णा-वारणेच्या काठाला २०१९ आणि २०२१ चा पूर आठवत असेलच. बुडालेला दिवा चालतो का हे बघायला स्विच दाबू नका. आधी सेल काढा. बुडालेला लिथियम सेल वापरातून बाद, वरून कोरडा दिसला तरी. डबा आणि सर्किट स्वच्छ पाण्याने धुऊन गाळ काढा, स्पिरिटने घासा, सावलीत तीन दिवस वाळवा आणि मगच नवा सेल घाला. जुने सेल उकिरड्यावर किंवा शेकोटीत टाकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. मोठी बॅटरी दुकानदार जुन्याच्या मोबदल्यात घेतोच.

रस्त्यावरचा ग्रामपंचायतीचा दिवा मात्र स्वतः उघडू नका, वरून महावितरणच्या तारा जात असतील तर शिडीही लावू नका. योजनेतून बसवलेल्या अशा दिव्यांसोबत ठेकेदाराचा देखभालीचा करार असतो, त्याची मुदत ग्रामपंचायतीच्या कागदांत सापडते. अर्जात खांबाचा नंबर, बसवल्याचं साल, दिवा अजिबात लागत नाही की किती वाजता जातो, आणि पॅनलवर झाडाची फांदी आली आहे का, एवढं लिहा. ‘दिवा बंद आहे’ एवढ्याच अर्जावर माणूस येतो, बघून जातो आणि बॅटरी आणायला पुन्हा महिना लागतो. ‘रात्री नऊला जातो’ लिहिलं तर तो बॅटरी बरोबर घेऊनच येऊ शकतो.